झुडूप म्हणजे काय?

नागपूर जिल्ह्यातील एखाद्या गावी सभेत ‘झुडपे काढून टाकावीत’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्या चौघांच्या डोळ्यांपुढे चार निरनिराळ्या वस्तू उभ्या राहतात. एकास धुऱ्यावर माजलेली घाणेरी दिसते. दुसऱ्यास वाटते की आपला पळस तोडावयास सांगत आहेत. संत्र्याची बाग असणारा तिसरा कलमाच्या खाली फुटलेल्या फुटव्यांचा विचार करू लागतो. चौथा मात्र काहीच बोलत नाही. त्याचे घर ज्या जागेवर उभे आहे त्या जागेची नोंद महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी आहे आणि ‘झुडपे काढा’ म्हणजे आपलेच घर काढा की काय, अशी शंका त्याच्या मनात येते.

शब्द एक आणि वस्तू अनेक, असा प्रकार भाषेत नेहमी आढळतो व एरव्ही त्याने कोणाचे नुकसान होत नाही. झुडूप ह्या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा एक अर्थ दुसऱ्याच्या जागी घेतल्यास पीक, जनावर किंवा जमीन ह्यांपैकी काहीतरी हातचे जाण्याचा संभव असतो. यास्तव गावपातळीवर काम करणाऱ्यांनी हे अर्थ वेगवेगळे ओळखणे अगत्याचे आहे.

शास्त्रातील झुडूप

वनस्पतिशास्त्रात वृक्ष, झुडूप व रोप ह्यांतील भेद मुख्यतः खोडावरून ठरवितात. ज्याचे खोड लाकडी असते, ज्यास जमिनीपाशीच अनेक फांद्या फुटतात, ज्याचा एकच सरळ बुंधा वर चढत नाही आणि ज्याची उंची सामान्यतः पाच-सहा मीटरांच्या आत राहते, ते झुडूप होय. निर्गुडी, अडुळसा, रुई, मेंदी, मुरुडशेंग ही आपल्या परिचयाची उदाहरणे आहेत.

ह्याच कसोटीस उतरणारी दोन झुडपे आपण दरवर्षी स्वतःच्या हाताने पेरतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. ती म्हणजे तूर आणि कपाशी. दोन्ही मूळच्या बहुवर्षायू आहेत. आपण त्यांना एका हंगामापुरते वाढवितो व नंतर उपटतो, म्हणून त्या आपणास ज्वारी-गव्हासारख्या वाटतात. परंतु तुराट्या व पऱ्हाट्या चुलीत सरपणासारख्या जळतात, ह्यावरूनच त्यांचे लाकडीपण कळून येते. देवकापसाचे झाड परसात अनेक वर्षे उभे राहते व वातींसाठी कापूस देत राहते. देशी कपाशीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात ‘आर्बोरियम’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘झाडासारखे’ असा होतो.

ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. कपाशीच्या ह्या झुडूपस्वभावातूनच फरदड निर्माण होते. शेवटची वेचणी झाल्यावर पाणी दिले की पऱ्हाटी पुन्हा पालवते, पाते धरते, बोंडे देते. शेतकऱ्यास तो फुकटचा कापूस वाटतो. पण गुलाबी बोंडअळीस तेच हवे असते. हंगाम संपल्यावर तिला खाण्यास बोंडच मिळाले नाही, तर तिची साखळी तुटते. फरदडीत ती साखळी पुढच्या हंगामापर्यंत चालू राहते आणि मग जून-जुलैत पेरलेल्या नव्या कपाशीवर अळी आयतीच येऊन बसते. म्हणून कपाशीचे शेत डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या आरंभी, मोकळे करावे असे शास्त्रज्ञ सांगतात. उपटलेल्या पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवणेही योग्य नव्हे, कारण किडक्या बोंडांतील अळ्या त्यांत सुप्तावस्थेत राहतात. कपाशी हे झुडूप आहे आणि झुडूप आपणहून मरत नाही, एवढे सांगितले की फरदडीचा धोका शेतकऱ्यास समजावयास वेळ लागत नाही, असा अनुभव आहे.

माणसाने केलेले झुडूप

काही झाडे जातीने वृक्षच असतात, पण माणूस त्यांना झुडूप करून ठेवतो. पूर्व विदर्भात ह्याचे उत्तम उदाहरण तेंदूचे आहे. तेंदू, म्हणजेच टेंभुर्णी, वाढू दिल्यास चांगला मोठा वृक्ष होतो. परंतु विडीसाठी लागणारे रुंद, मऊ पान जुन्या फांद्यांवर मिळत नाही, ते नव्या फुटव्यांवर मिळते. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटतात व उन्हाळ्यात कोवळ्या धुमाऱ्यांची पाने तोडतात. येथे छाटणे म्हणजे नाश नव्हे, ती मशागत आहे. ह्याच झुडपांखाली आग लावून पाने मिळविण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती मात्र सर्वथा त्याज्य आहे. आगीने गवत, इतर झाडांची रोपे व जमिनीवरील पालापाचोळा ही सर्व एकदम जातात.

पळसाचेही असेच आहे. सरपणासाठी व पत्रावळीच्या पानांसाठी त्याची दरवर्षी तोड होते, म्हणून धुऱ्यावर तो कमरेएवढाच दिसतो. त्यास झुडूप समजून मुळासकट उपटणारे शेतकरी आहेत. दोन-तीन धुमारे राखून बाकीचे काढले आणि चार वर्षे कुऱ्हाड लावली नाही, तर तेथे वृक्ष उभा राहतो. त्यावर लाख घेता येते, द्रोण-पत्रावळींस पाने मिळतात आणि धुऱ्याची माती धरून राहते.

संत्र्याच्या बागेत ह्याच्या उलट घडते. नागपुरी संत्र्याचे कलम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेले असते. डोळ्याच्या जोडाखाली खुंटाला जे फुटवे येतात ते संत्र्याचे नव्हेत, खुंटाचे होत. ते कोवळे असतानाच हाताने मोडून काढावेत. दुर्लक्ष केल्यास खुंट जोर धरतो, वरचे कलम खंगते व काही वर्षांनी मालकास कळून चुकते की आपण संत्र्याच्या जागी जंबेरीचे काटेरी झुडूप पोसले. झाड दाट दिसते म्हणून ते जोमदार आहे, असे समजण्याची चूक नवीन बागाईतदार नेहमी करतात.

तण म्हणून आलेले झुडूप

घाणेरी, जिला कोठे टणटणी तर कोठे रायमुनिया म्हणतात, ती मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती हिंदुस्थानात आली. पक्षी तिची काळी फळे खातात व बी सर्वत्र टाकतात. चाऱ्याच्या टंचाईत भुकेलेले जनावर तिचा पाला खाते. तेव्हा यकृतास इजा होऊन काविळीसारखी लक्षणे दिसतात व उन्हात अंगाची कातडी सोलवटते. असे जनावर तात्काळ सावलीत बांधावे, तो पाला पुन्हा तोंडी पडू देऊ नये आणि पशुवैद्यकास बोलवावे.

घाणेरी वरून तोडणे म्हणजे तिची छाटणी करणे होय. ती दुप्पट जोमाने फुटते. मुख्य मूळ जमिनीच्या पातळीखाली तीन-चार बोटे तोडले पाहिजे, कारण नवे फुटवे मूळ व खोड ह्यांच्या सांध्यापासून येतात. उपटलेले झुडूप उलटे करून, मुळे वर राहतील असे ठेवावे. हे काम फळे धरण्यापूर्वी करावे. मोकळ्या झालेल्या जागी लगेच मारवेल किंवा पवना गवत लावावे, नाहीतर जमिनीत पडलेले बी पहिल्या पावसाबरोबर उगवून येते आणि सारी मेहनत वाया जाते.

नाल्याकाठच्या बेशरमाबद्दल एकच सूचना पुरेशी आहे. तोडलेले तुकडे ओल्या जागी टाकू नयेत, कारण प्रत्येक तुकड्यास मुळे फुटतात. ह्याचे नाव ज्याने ठेवले त्यास ही वनस्पती चांगली कळली होती.

पाकिटावरील ‘बुश’

भाजीपाल्याच्या बियांच्या पाकिटावर ‘झुडपी’ किंवा इंग्रजीतील ‘बुश’ हा शब्द छापलेला असतो. घेवडा, वाल व चवळी ह्यांचे झुडपी आणि वेली असे दोन प्रकार आहेत. झुडपी वाण बुटका राहतो, त्यास मांडव लागत नाही, तो लवकर फुलावर येतो व त्याच्या शेंगा थोड्याच दिवसांत एकदम मिळतात. वेली वाणास आधार द्यावा लागतो, अंतर अधिक ठेवावे लागते, पण तोडे पुष्कळ दिवस चालतात. पाकिटावरील हा एक शब्द न वाचल्यामुळे बांबू-तारेचा खर्च करून मांडव उभारावा आणि वेल वर चढूच नये, असे घडू शकते.

ह्याच इंग्रजी शब्दाने मराठीत आणखीही घरे केली आहेत. विहिरीवरील पंप दुरुस्त करणारा कारागीर ‘बुश गेला’ असे म्हणतो. हा बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसविलेली धातूची नळी. त्याचा झुडपाशी काही संबंध नाही. डबी ह्या अर्थाच्या जुन्या डच शब्दापासून तो आला आहे. एके काळी घरोघरी दिसणाऱ्या बुश रेडिओचे नाव लंडनमधील शेफर्ड्स बुश ह्या वस्तीवरून पडले. सोयाबीनच्या परदेशी भावात येणारा बुशेल हाही वेगळाच शब्द आहे. ते धान्याचे माप असून सोयाबीनचा एक बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे सुमारे २७.२ किलोंचा, तर मक्याचा ५६ पौंडांचा, म्हणजे सुमारे २५.४ किलोंचा असतो. शिकागोचा सोयाबीनचा भाव क्विंटलमध्ये आणावयाचा असल्यास त्यास ३.६७ ने गुणावे व मग रुपयांत बदलावे.

ऑस्ट्रेलियात व आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत मात्र ‘बुश’ म्हणजे एखादी वनस्पती नव्हेच, तर वस्तीबाहेरचा सारा रानप्रदेश. तेथे झुडपाचे नाव भूमीला मिळाले. आपल्या विदर्भातही नेमके हेच झाले आहे, आणि चौथ्या गृहस्थाच्या चिंतेचे मूळ तेथेच आहे.

दप्तरातील झुडूप

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ ही महसुली दप्तरातील नोंद आहे. तिचा इतिहास मालगुजारीच्या काळाशी जोडलेला आहे. त्या वेळी गावाची पडीक जमीन, चराई व रान मालगुजाराकडे असे आणि गावकरी त्यातून सरपण, कुंपणास काट्या व गुरांना चारा घेत. ह्यास निस्तार म्हणत. ३१ मार्च १९५१ पासून जुन्या मध्य प्रदेश राज्यात मालकी हक्क संपुष्टात आले व ह्या जमिनी सरकारकडे आल्या. दप्तरात त्यांची वर्गवारी झाडांच्या आकारावरून केलेली होती. शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या दप्तरांत ‘बडे झाड का जंगल’ व ‘छोटे झाड का जंगल’ अशा नोंदी अजून आढळतात. त्याच कुळातील आपली नोंद म्हणजे झुडपी जंगल. ज्यावर मोठी झाडे नाहीत, नुसती खुरटी वाढ आहे आणि जी कोणाच्या वहितीत नाही, अशी हलकी जमीन, एवढाच तिचा मूळ अर्थ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, पण दप्तरातील शब्द तसाच राहिला.

दरम्यान जमिनीवरची झुडपे मात्र राहिली नाहीत. कित्येक ठिकाणी वस्ती झाली, पट्टे दिले गेले, शेते झाली, शाळा, रस्ते, कालवे व स्मशानभूमी झाल्या. नागपूर शहरातील उच्च न्यायालयाची इमारतसुद्धा अशाच नोंदीच्या जमिनीवर उभी आहे. ह्यात कोणी मोठा अपराध केला असे तेव्हा कोणास वाटले नाही, कारण सर्वजण ‘झुडपी’ ह्या पहिल्या शब्दाकडे पाहत होते.

कायद्याने दुसऱ्या शब्दाकडे पाहिले. २५ ऑक्टोबर १९८० पासून वनसंवर्धनाचा केंद्रीय कायदा अंमलात आला व वनजमीन इतर कामास वापरण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी आवश्यक ठरली. मग वन कशास म्हणावे, हा प्रश्न आला. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले की, वन ह्या शब्दाचा कोशातील अर्थ तर घ्यावाच, पण सरकारी दप्तरात वन म्हणून जी जमीन नोंदली आहे तीही, मालकी कोणाचीही असो, वनच समजावी. येथे झुडपी जंगलाचा पेच पडला. जमिनीवर झुडूप नसले तरी दप्तरात ‘जंगल’ होते.

ह्या पेचावर सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निर्णय दिला. मूळचे अमरावतीचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह ह्यांच्या पीठापुढे हे प्रकरण होते व प्रश्न सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा होता. निर्णयाचा पहिला भाग असा की, झुडपी जंगल हे १९९६ च्या आदेशानुसार वनच होय. दुसरा भाग दिलासा देणारा आहे. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी वाटल्या व ज्यांच्या वर्गीकरणात बदल झाला नव्हता, त्या वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्य सरकारने केंद्राकडे मंजुरी मागावी. ही एका वेळेपुरती सवलत असून अशा जमिनींसाठी पर्यायी वनीकरणाची किंवा वनाच्या मूल्याची रक्कम भरण्याची अट घालू नये, असे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. त्या तारखेनंतरच्या वाटपांची गोष्ट निराळी आहे. तेथे वाटप का झाले हे सांगावे लागेल व नियम मोडून वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांवरील कारवाई आधी पाहिली जाईल. व्यापारी कामासाठी २५ ऑक्टोबर १९८० नंतर दिलेल्या जागा अतिक्रमण समजावयाच्या आहेत.

तेव्हा चौथ्या गृहस्थास काय सांगावे? प्रथम हे सांगावे की अंगणात झुडूप आहे की नाही, ह्यावर काहीच अवलंबून नाही. शेजाऱ्याच्या खासगी पडितात घाणेरीचे रान माजले असले तरी ते झुडपी जंगल होत नाही, आणि ह्याच्या घरासमोर गवताची काडी नसली तरी दप्तरातील जंगल नाहीसे होत नाही. दुसरे, तारीख पाहावी. पट्टा कोणी दिला आणि कोणत्या दिवशी दिला, ह्या दोन गोष्टींवर पुढचे सर्व ठरणार आहे. जुना पट्टा, वाटपाचा आदेश, कराच्या पावत्या हे कागद पत्र्याच्या पेटीत उंदरांच्या स्वाधीन न करता त्यांच्या नकला काढून ठेवाव्यात. यादीतून जमीन वगळण्याचा प्रस्ताव राज्य सरकार पाठवील. ‘पैसे द्या, तुमचे झुडपी उतरवून देतो’ असे सांगत गावात कोणी फिरत असल्यास त्यास पैसे देऊ नयेत. एकट्यादुकट्या माणसाने नोंद उतरविण्याचा असा मार्ग नाही.

कार्यकर्त्यांनीही आपल्या बाजूने दक्षता घ्यावी. गावात ज्यांना अजून तलाठीच म्हणतात त्या महसूल अधिकाऱ्याकडे सातबाऱ्याबरोबर गाव नमुना एक-अ, म्हणजे वनजमिनींची नोंदवही, आणि एक-ब, म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही, ह्या दोन्ही पाहाव्यात. घरकुल, शेततळे, गुरांचा कोंडवाडा किंवा स्मशानशेड ह्यांसाठी जागा सुचविण्यापूर्वी हे करावे, नंतर नव्हे. अनुदान मंजूर झाल्यावर जागा झुडपी निघाली, तर हप्ता अडतो आणि दोष गावकऱ्याच्या माथी येतो. मोकळी, सपाट, रस्त्यालगतची सरकारी जागा दिसली की तिच्यावर योजना बसविण्याचा मोह होतो. नेमक्या अशाच जागा बहुधा झुडपी असतात.

राहिला प्रश्न वाटप न झालेल्या तुकड्यांचा. जे तुकडे तीन हेक्टरांहून लहान आहेत व कोणत्याही वनाला लागून नाहीत, ते १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २९ प्रमाणे संरक्षित वन म्हणून घोषित करावयाचे आहेत व तेथे अतिक्रमण होऊ न देण्याची जबाबदारी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. ही बातमी ऐकून गुरे पाळणारे लोक धास्तावले, ते स्वाभाविक आहे. गावाची गुरे ह्याच तुकड्यांवर चरतात. परंतु संरक्षित वन व राखीव वन ह्यांत फरक आहे. राखीव वनात ज्याची परवानगी दिली तेवढेच करता येते. संरक्षित वनात ज्याची मनाई केली ते करता येत नाही आणि जुन्या हक्कांची चौकशी व नोंद करण्याची तरतूद आहे.

ह्या चौकशीत ‘आमची गुरे बापजाद्यांपासून तेथे चरतात’ असे तोंडी सांगून भागणार नाही. विदर्भातील गावांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्यात निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज अशी दोन पत्रके सांगितली आहेत. चराई, सरपण, रस्ता व पाणी ह्यांविषयी गावाचे जे वहिवाटीचे हक्क आहेत ते त्यांत लिहिलेले असतात. पुष्कळ ग्रामपंचायतींत ही पत्रके कोणी पाहिलेलीही नसतात. तहसील कार्यालयातून त्यांची प्रमाणित नक्कल घ्यावी, झुडपी जंगलाचे गट क्रमांक त्यांत शोधून खूण करावी आणि ग्रामसभेत गुराख्यांना व पशुपालकांना ती वाचून दाखवावी.